रॅम नंतर सांगा, आधी हिंज दाखवा



मागच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोललो आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. "लॅपटॉपचं दुकान चालवायचं असेल तर हिंज शिका," एवढंच म्हणालो होतो. काहींनी विचारलं, सर, हिंजमध्ये शिकण्यासारखं काय आहे? चार स्क्रू काढायचे, नवा लावायचा. काहींचं म्हणणं, ग्राहक हिंज विचारतच नाही, तो फक्त आय-फाइव्ह की आय-सेव्हन एवढंच विचारतो. बारा मिनिटांच्या व्हिडिओत याचं उत्तर बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात प्रोसेसर असतो, रॅम असते, स्क्रीनचे निट्स असतात, बॅटरीचे वॉट-अवर असतात. हिंज किती ताकदीचा आहे, तो कशावर बसवलाय, हे बहुतेक कुठेच लिहिलेलं नसतं. आणि लॅपटॉपमध्ये रोज हलणारा मोठा भाग तोच एक. ऑनलाइन विकणारा रॅमची माहिती तुमच्यापेक्षा चांगली देतो, किंमतही कमी देतो. हिंज मात्र हात लावल्याशिवाय कळत नाही. आणि हात लावून दाखवणारं दुकान तुमचं आहे. छोट्या दुकानदाराकडे जी थोडी जागा शिल्लक आहे, ती इथे आहे.

आता हे नुसतं भाषण वाटू नये म्हणून आधी हिंज काम काय करतो ते बघू.

घराच्या दाराची बिजागरी आणि लॅपटॉपचा हिंज

घराच्या दाराची बिजागरी जितकी सैल तितकी चांगली. दार सहज फिरलं पाहिजे, बस. लॅपटॉपच्या हिंजला उलटं काम आहे. त्याला फिरायचंही आहे आणि जिथे सोडाल तिथे थांबायचंही आहे. म्हणून त्याच्यात मुद्दाम घर्षण ठेवलेलं असतं. एक स्टीलचा दांडा, त्यावर किंचित बाक दिलेले छोटे वॉशर एकावर एक, शेवटी नट, आणि मध्ये ग्रीस. नट जितका आवळाल तितके वॉशर दाबले जातात आणि हिंज कडक होतो. काही हिंजमध्ये वॉशरऐवजी दांड्याभोवती स्टीलची पट्टी घट्ट गुंडाळलेली असते. तत्त्व तेच.

किती कडक ठेवायचा? चला, आपण साधं गणित करू. समजा झाकण, म्हणजे स्क्रीनचा भाग, ६०० ग्रॅमचा आहे आणि २२ सेंटिमीटर उंच. त्याचं वजन मधोमध, म्हणजे हिंजपासून ११ सेंटिमीटरवर धरा. झाकण आडवं असताना हिंजवर येणारा जोर झाला ६.६ किलो-सेंटिमीटर. दोन हिंज, म्हणजे प्रत्येकी ३.३. यापेक्षा सैल असेल तर स्क्रीन मागे पडणार.

आता दुसरी बाजू. खालचा भाग, कीबोर्ड-बॅटरीवाला, समजा ९०० ग्रॅमचा. त्याचंही वजन हिंजपासून ११ सेंटिमीटरवर. जोर झाला ९.९. हिंज यापेक्षा कडक केला तर झाकण उघडताना खालचा भागही सोबत उचलला जाणार, आणि दुसऱ्या हाताने तो दाबून धरावा लागणार.

म्हणजे डिझाइन करणाऱ्याकडे जागा किती? ६.६ ते ९.९. बस एवढीच. आता त्याच झाकणावर टचसाठी काच बसवा. दीडशे ग्रॅम वाढले. ६.६ चे झाले सव्वाआठ. वर टच करणाऱ्या बोटाचा धक्का वेगळाच, तोही झाकणाच्या वरच्या टोकाला. त्यात मार्केटिंगवाले म्हणतात, खालचा भाग अजून पातळ करा, अजून हलका करा. मग ९.९ सुद्धा खाली यायला लागतं. वरून खाली आणि खालून वर, दोन्ही बाजूंनी जागा आवळत जाते. म्हणून कंपन्या काही हिंज असे बनवतात की उघडताना कमी घर्षण आणि मिटताना जास्त. "एका बोटाने उघडतो" असं जाहिरातीत दाखवतात ना, त्यामागे हे गणित असतं.

हे गणित पाठ नाही झालं तरी चालेल. फक्त एवढं लक्षात ठेवा: हिंज "जितका कडक तितका मजबूत" ही समजूत चुकीची आहे.

चाळीस वर्षांत कोणी काय करून बघितलं

झाकण कीबोर्डवर मिटणारा लॅपटॉप म्हटलं की १९८२ च्या ग्रिड कम्पासचं नाव येतं. ब्रिटिश डिझायनर बिल मॉग्रिज यांनी त्याचं रूप ठरवलं. मॅग्नेशियमची बॉडी, आणि पुढे तो अमेरिकेच्या स्पेस शटलमध्येही गेला. स्क्रीन खाली मिटून कीबोर्ड झाकायची, ही आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटणारी गोष्ट तेव्हा पेटंट घेण्याइतकी नवीन होती.

२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने टॅबलेट पीसी आणला, तेव्हा स्क्रीन गोल फिरवून कीबोर्डवर उलटी ठेवायचे लॅपटॉप आले. मधोमध एकच खांब, त्यावरच सगळी स्क्रीन. फिरायची छान, पण सगळा भार एका जागी. टच करताना कडेला डुलायची.

२०१२ मध्ये लेनोवोच्या योगाने दुसरा मार्ग धरला. स्क्रीन बाजूला फिरवण्याऐवजी मागून पूर्ण ३६० अंशात वळवायची. त्यासाठी प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन दांडे लागतात, एक झाकणाचा, एक बेसचा, आणि दोघांनी कोणत्या क्रमाने किती फिरायचं ते ठरवणारी यंत्रणा मध्ये लागते. २०१४ च्या योगा ३ प्रोमध्ये तर घड्याळाच्या पट्ट्यासारखा हिंज आला. त्यात स्टील आणि अॅल्युमिनियमचे ८१३ तुकडे होते. भार दोन जागांऐवजी सहा जागी वाटला गेला.

२०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सरफेस बुकने अजून वेगळं केलं. त्याची स्क्रीन सुटी निघून टॅबलेट व्हायची, म्हणून झाकण जड. जड झाकण मागे पडू नये म्हणून त्यांनी हिंजच असा केला की उघडताना तो उलगडून मागे पसरतो आणि बेसची लांबी वाढवतो. पहार जितकी लांब तितका जोर जास्त, तेच तत्त्व. बदल्यात काय द्यावं लागलं? लॅपटॉप मिटल्यावर मध्ये फट राहायची.

मी ही यादी का देतोय? प्रत्येकाने काहीतरी मिळवलं आणि बदल्यात काहीतरी दिलं. फुकट काहीच मिळालेलं नाही. जेव्हा एखादा स्वस्त टू-इन-वन सगळंच देतो असं सांगतो, तेव्हा त्याने बदल्यात काय दिलंय ते शोधा. बहुतेक वेळा उत्तर आत, पॅनलच्या प्लास्टिकमध्ये सापडतं.

तुटतं काय? हिंज नाही, हिंजचं घर

रिपेअरिंग करणाऱ्यांना हे माहीत आहे, पण नवीन मुलांसाठी सांगतो. "हिंज तुटला" म्हणून लॅपटॉप येतो तेव्हा स्टीलचा हिंज बहुतेक वेळा शाबूत असतो. तुटलेलं असतं ते प्लास्टिक. हिंजचे स्क्रू पितळी नटमध्ये जातात, आणि ते ज्वारीच्या दाण्याएवढे नट प्लास्टिकमध्ये गरम करून दाबून बसवलेले असतात. ते नट उपटून येतात.

का उपटतात? ग्रीस सुकतं, धूळ जाते, हिंज हळूहळू कडक होतो. समजा चार किलो-सेंटिमीटरचा हिंज आठचा झाला. स्क्रूंमध्ये अंतर दोन सेंटिमीटर असेल तर त्या दाण्याएवढ्या नटवर दर वेळी चार किलोची ओढ. एकदा ओढून काही होत नाही. दिवसाला दहा वेळा, दोन वर्षं, आणि शेजारीच फॅनची गरम हवा बाहेर पडतेय. त्यात ग्राहक झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतो, म्हणजे सगळा जोर आधी एकाच हिंजवर. मग एक दिवस कट्ट असा आवाज येतो.

आता आपल्या बाजारात यावर सर्रास काय करतात? फेव्हिक्विक आणि खाण्याचा सोडा. नट परत बसवला, चिकटवला, पाचशे रुपये घेतले. महिन्या-दोन महिन्यांत परत तुटतो, आणि या वेळी सोबत स्क्रीनची केबल घेऊन जातो. कारण रोग हिंजच्या कडकपणात होता आणि आपण पट्टी प्लास्टिकला बांधली. सोडा घातलेला तो डिंक दगडासारखा होतो, पण ठिसूळ. ओढ आणि वाकणं त्याला सहन होत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की हिंज सैल न करता पॅनल चिकटवून देणं हे रिपेअरिंग नाही. ती पुढची तक्रार तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून देताय. बरोबर क्रम असा:

१. बॅटरी काढा किंवा तिचा कनेक्टर सोडवा. मग पॅनल उघडा.
२. हिंज पॅनलपासून मोकळा करून हाताने फिरवून बघा. दोन्ही हिंज सारखे फिरतात का?
३. नटवाला हिंज असेल तर आधी नटवर मार्करने खूण करा, मग अगदी थोडं, पाव फेऱ्यापेक्षाही कमी, सैल करून परत बघा. जुनं ग्रीस पुसून नवं अगदी थेंबभर.
४. घासून खराब झालेला किंवा गंजलेला असेल तर जोडीने बदला. एक नवा आणि एक जुना लावू नका, झाकण पिळवटतं.
५. त्यानंतरच प्लास्टिक. जुना डिंक खरवडा, चांगल्या प्रतीचं दोन भागांचं एपॉक्सी वापरा, जागा असेल तर मागे धातूची पट्टी द्या. पॅनल मिळत असेल तर सरळ पॅनल बदला.

३६० अंशाच्या हिंजला हा नियम जसाच्या तसा लावू नका. त्यात दोन दांडे एकमेकांशी जुळवलेले असतात. एकाच दांड्याचा नट सैल केला तर क्रम बिघडतो. तिथे हिंज बदलणं हाच मार्ग, आणि लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्लीतून मागवताना मॉडेलचं पूर्ण नाव आणि पॅनलचा पार्ट नंबर दोन्ही द्या.

"फिजिकल डॅमेज" हा शब्द कोणाच्या सोयीचा?

आता जिथे खरा वाद आहे तिथे येऊ. ग्राहकाने हप्त्यावर लॅपटॉप घेतलेला असतो. हप्ते चालू असतात आणि हिंजचा कोपरा फाटतो. सर्व्हिस सेंटरला नेला की अनेकदा एकच उत्तर मिळतं: फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. म्हणजे तुम्हीच पाडला असणार.

कंपनीचीही एक बाजू आहे, ती मान्य केली पाहिजे. लोक लॅपटॉप स्क्रीनला धरून उचलतात. कीबोर्डवर पेन ठेवून झाकण दाबतात. लहान मुलं झाकण मागे ढकलतात. प्रत्येक तुटलेला हिंज कंपनीच्या माथी मारता येणार नाही.

पण बाहेरून एक ओरखडा नाही, कोपऱ्यावर ठोकर नाही, आणि आत फक्त नट उपटलेले आहेत, तर ते पडल्याचं लक्षण नाही. ते रोजच्या वापराचं लक्षण आहे. उघडणं-मिटणं हा लॅपटॉपचा गैरवापर नाही, तोच त्याचा वापर आहे. जी वस्तू उघडण्यासाठी बनवली ती उघडल्यामुळे तुटली तर दोष उघडणाऱ्याचा कसा?

हे अशक्य नाही, हेही सांगतो. फ्रेमवर्क नावाची अमेरिकन कंपनी तिच्या १३ इंची लॅपटॉपसाठी हिंजचे किट सुटे विकते, ३.३ किलो आणि ४ किलो अशा वेगवेगळ्या ताकदीचे. म्हणजे आकडा छापता येतो, भाग सुटा देता येतो, ग्राहक स्वतः निवडू शकतो. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स हे क्षेत्र आहे. माझी मागणी एवढीच आहे: लॅपटॉपच्या माहितीपत्रकात हिंज किती वेळा उघडझाप करून तपासला आणि तो धातूवर बसवलाय की प्लास्टिकवर, या दोन ओळी आल्या पाहिजेत. रॅमचा वेग छापता, मग हे का नाही?

तोपर्यंत ग्राहकाला मदत करणारे आपणच आहोत. वॉरंटीतला लॅपटॉप तुमच्याकडे आला तर उघडू नका. चारही कोपऱ्यांचे फोटो तारखेसह काढून द्या, बाहेर ठोकर नसल्याचं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या आणि लेखी तक्रार करायला सांगा. यात तुम्हाला एक रुपया मिळणार नाही. पण तो माणूस पुढचा लॅपटॉप कुठून घेईल?

आता घडी घालायच्या स्क्रीन आल्यात

आता एकच मोठी स्क्रीन मधोमध दुमडणारे लॅपटॉपही आलेत. लेनोवोचा एक्स-वन फोल्ड २०२० मध्ये दाखवला गेला, आसूसचा झेनबुक १७ फोल्ड २०२२ मध्ये आला. इथे हिंजचं काम अजून अवघड होतं. शंभर पानी वही मधोमध वाकवून बघा. कडेची पानं पुढे-मागे सरकतात, कारण आतल्या आणि बाहेरच्या पानाला वेगळं अंतर कापावं लागतं. स्क्रीनचेही थर असतात. हिंजने ते थर ताणू द्यायचे नाहीत आणि चुरगळू द्यायचे नाहीत. म्हणून तो मिटताना आत गोलसर पोकळी ठेवतो, स्क्रीनला कोपरा पडू देत नाही.

आणि या सगळ्याचा शत्रू कोण? धूळ. २०१९ च्या एप्रिलमध्ये सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड फोन पत्रकारांना तपासायला दिला आणि काहींच्या स्क्रीन थोड्याच दिवसांत बिघडल्या. हिंजच्या फटीतून कण आत जात होते, आणि काहींनी वरचा थर साधा स्क्रीनगार्ड समजून काढला होता. विक्री पुढे ढकलली. फटीच्या टोकांना टोप्या बसवून, फट कमी करून तो सप्टेंबरमध्ये बाजारात आला. पुढच्या मॉडेलमध्ये हिंजच्या आत धूळ अडवायला बारीक ब्रश दिले.

तेव्हा पिठाची गिरणी, भुसार दुकान, बांधकामाची साइट अशा जागी काम करणारा ग्राहक घडीचा लॅपटॉप मागत असेल तर त्याला हे सांगा. आसूस सांगते की झेनबुक १७ फोल्डचा हिंज ३० हजार वेळा उघडझाप करून तपासलाय. दिवसाला वीस वेळा धरलं तर चार वर्षं होतात. आकडा चांगला आहे. पण यंत्राचा हात दर वेळी सारखाच असतो, आणि त्याच्या हाताला पीठ लागलेलं नसतं.

उद्यापासून दुकानात काय करायचं

ग्राहकाला पहिला प्रश्न रॅमचा विचारू नका. "दिवसातून किती वेळा उघडता? टच लागतो का? पेनने लिहिता का?" हे विचारा. चित्रं काढणारी मुलगी, ऑनलाइन शिकवणारे सर, पेशंटची सही स्क्रीनवर घेणारे डॉक्टर, यांना ३६० अंशाचा लॅपटॉप कामाचा आहे. टॅली आणि बिलिंग करणाऱ्याला नाही. त्याला साधा मिटणारा, धातूच्या फ्रेमवर हिंज असलेला लॅपटॉप द्या. भले तो लीज संपून आलेला बिझनेस सीरिजचा सेकंड हँड असेल.

दाखवताना चार गोष्टी त्याच्यासमोर करा. एका हाताने उघडा. एका कोपऱ्याने हलकेच उघडून झाकण किती पिळवटतं ते बघा. स्क्रीन ४५ अंशावर सोडून ती थांबते का बघा. मिटल्यावर दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का बघा. सेकंड हँड घेताना तर ही तपासणी केल्याशिवाय पैसेच देऊ नका. हिंजजवळच्या बेझलमध्ये नख जाईल एवढी फट दिसली की समजा, आत नट सुटायला सुरुवात झालीय.

विक्रीनंतर सहा महिन्यांनी मोफत हिंज तपासणी ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. वॉरंटीत असेल तर न उघडता नुसतं हाताने तपासा. कडक झालेला वेळेत सापडला तर ग्राहकाचं पॅनल वाचतं.

आणि दर. नीट केलेल्या हिंजच्या कामाला दीड-दोन तास जातात. शेजारचा पाचशेत चिकटवून देतो म्हणून तुम्ही सहाशेत नीट काम करायला जाऊ नका, मराल. आपला दर लिहून लावा, त्यात काय काय करणार ते लिहा, आणि जुना नट, जुनं ग्रीस ग्राहकाला दाखवा. बीबीएला आम्हाला व्हॅल्यू प्रपोझिशन नावाचा मोठा धडा होता. काउंटरवर त्याचा अर्थ एवढाच निघतो की आपण जास्त पैसे कशाचे घेतो ते ग्राहकाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

या आठवड्यात दुकानात हिंजची जेवढी कामं येतील त्यांची वहीत नोंद करा: मॉडेल, किती वर्षं वापरला, काय तुटलं, बाहेर ठोकर होती का. तीन महिन्यांत तुम्हाला कळेल की कोणतं मॉडेल विकायचं आणि कोणतं नाही. ही माहिती तुम्हाला कोणतीच वेबसाइट देणार नाही, ती तुमच्या काउंटरवरच तयार होते.